कामगारांच्या आरोग्याच्या नोंदीत बाईचा रकाना कुठे आहे? सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर,
मा. सहायक कामगार आयुक्त, सोलापूर,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे सोलापुरातील अधिकारी,
आणि शहरातील विडी, यंत्रमाग व गारमेंट कारखानदार

स.न.वि.वि.

सोलापूर शहराच्या पूर्वभागात माझा दवाखाना आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत नवरा यंत्रमागावर, बायको विडीवर आणि मुलगी किंवा सून गारमेंटमध्ये शिलाईवर असते. तिघेही कामगार, तिघेही एका छताखाली राहणारे, पण दुखणी तीन तऱ्हांची. आपल्या जिल्ह्यात कामगाराच्या सुरक्षिततेचा विचार होतो तो यंत्रापुढे उभ्या असलेल्या पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून. बाई त्यात जवळजवळ नसतेच आणि पुरुषाच्याही फक्त हातापायांचा विचार होतो. बोट तुटले की धावपळ होते. कान गेला, मन खचले, तर त्याची दखल कोणी घेत नाही.

सुरुवात विडीपासून करते, कारण तिथे बाईचे घर हाच कारखाना आहे आणि म्हणूनच तो कोणाला दिसत नाही.

आदल्या रात्री पान भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सकाळी स्वयंपाक, पाणी, मुलांचे डबे उरकले की भिंतीला टेकून मांडी घालायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पत्र्याचे माप ठेवून कात्रीने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मोडायचे. हजार विड्यांवर मजुरी ठरलेली. एक विडी म्हणजे बोटांच्या आठ-दहा हालचाली धरल्या तरी हजार विड्यांमागे आठ-दहा हजार हालचाली झाल्या, त्याही मान खाली घालून. चाळिशीच्या आत बायकांचे अंगठे दुखू लागतात, रात्री हाताला मुंग्या येऊन झोप मोडते, मान आणि कंबर धरते. मनगटातली नस दाबली जाण्याचा आजार एरवीही पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो, इथे तर कामच त्या नसेवर चालते.

मार्च सरला की सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात 43-44 अंशांवर जातो. वर पत्रा, दार अर्धे लोटलेले आणि पंखा बंद. पंखा का लावत नाही, असे विचारले तर उत्तर ठरलेले: "तंबाखू उडतंय की म्याडम, आणि पान वाळून तुटतंय." पान तुटले तर तोटा तिचा. त्यामुळे ती तंबाखूच्या धुळीत आणि उकाड्यात बसून राहते. मळमळ, डोके गरगरणे, खोकला, डोळ्यांची आग ही इथली नेहमीची लक्षणे. तंबाखूतले निकोटिन श्वासातून जाते तसे त्वचेतूनही शरीरात शिरते, आणि गरोदर बाईच्या शरीरात गेले की वारेतून बाळापर्यंत पोचते. त्याच खोलीत तान्हे मूल झोपलेले असते, त्याच खोलीत चूल असते. जी आयुष्यात एकदाही विडी ओढलेली नाही, तिच्या छातीचे आवाज ऐकून मला तंबाखूबद्दल विचारावे लागते. विडीच्या बंडलावर ओढणाऱ्यासाठी 85 टक्के जागेत इशारा छापायची सक्ती आहे. वळणारीच्या हातात मात्र मोजे द्या, असे सांगणारे कोणी तिच्या दारापर्यंत येत नाही. आणि मोजे घालून विडी वळता येत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून उपाय तिच्या कामाकडे पाहूनच शोधावा लागेल, पुस्तकातून उचलून चालणार नाही.

कायद्याने ज्यांची नोंद करणे बंधनकारक आहे अशा व्यवसायजन्य आजारांची एक यादी आहे. ती आधी 1948 च्या कारखाने अधिनियमात होती, आता कामगार सुरक्षेच्या नव्या केंद्रीय संहितेत आहे. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार बिसिनोसिस आणि आवाजाने येणारा बहिरेपणा, हे कापड धंद्यातले दोन्ही मोठे आजार त्या यादीत आहेत. मान, पाठ, अंगठा, मनगट यांची झीज त्यात नाही. म्हणजे ज्या दुखण्याने सोलापुरातल्या सर्वाधिक कष्टकरी बायका माझ्याकडे येतात, ते दुखणे सरकारदरबारी कामामुळे होणारे दुखणे नाहीच. डॉक्टर म्हणून मी ते केसपेपरवर लिहिते, गोळी देते, आणि ती परत जाऊन सुपापुढे बसते.

बायकांचे नाजूकपण सांगून सवलती मागाव्यात, हा माझा हेतू नाही. पण शरीर वेगळे असते आणि परिस्थितीही वेगळी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी आढळल्या, पुरुषांमध्ये हे प्रमाण 21.9 टक्के. त्याच उन्हाळ्यात, तितकेच तास काम करणाऱ्या दोघांपैकी कोण आधी चक्कर येऊन पडेल हे सांगायला डॉक्टर लागत नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 289 मिनिटे त्यात जातात, पुरुषाची 88. कामाची पाळी संपली की कामगाराला विश्रांती मिळते, असे आपले सगळे नियम गृहीत धरतात. विडीवाल्या बाईची पाळी संपतच नाही. कुकरची शिट्टी मोजत ती विडी वळते.

ताणाबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण तो मापायला यंत्र नाही आणि म्हणून तपासणीच्या कागदावर त्याला जागाही नाही.

विडी कामगार बाईचा ताण ब्रँचच्या, म्हणजे पान-तंबाखू देऊन वळलेल्या विड्या घेणाऱ्या केंद्राच्या, दारात सुरू होतो. वळलेला माल घेऊन ती रांगेत उभी राहते. चेकर हाताने विड्या चाळतो आणि छाट, म्हणजे नापास विड्या, काढतो. किती काढायची हे त्याच्या मनावर. छाट काढलेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही, भरपाई तिने करायची. दिलेले पान खराब निघाले, हजार विड्या त्यात बसल्या नाहीत, तर पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणायचे. तक्रार केली तर पुढच्या वेळी पान आणखी वाईट मिळेल, ही भीती. अंगचटीला येणारा शब्द, नजर, कार्ड परत देताना मुद्दाम लावलेला हात, हे सगळे बायका मला सांगतात, पण नाव सांगत नाहीत. एकीने सांगितलेले मी विसरू शकत नाही. ब्रँचला जायच्या आदल्या रात्री तिच्या पोटात कळ यायची. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, सगळे ठीक. तिने ब्रँच बदलली आणि कळ थांबली. तिच्या केसपेपरवर निदान म्हणून मी काय लिहावे?

जिल्हाधिकारी महोदय, लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. ती तक्रार कोणाकडे न्यायची, समितीत कोण आहे, कुठे बसतात, हे माझ्याकडे येणाऱ्या बायकांना माहीत नाही. प्रत्येक विडी ब्रँचवर, प्रत्येक गारमेंट युनिटच्या जिन्यात एक फलक लावायला किती खर्च येईल? तो मराठीत तर हवाच, पण तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवा. पूर्वभागातल्या कितीतरी आज्या बाजारात मराठी बोलतात आणि दुखणे सांगताना तेलुगूत सांगतात. सर्वेक्षणाची प्रश्नावली फक्त मराठीत छापली तर त्यांचे खरे उत्तर आपल्यापर्यंत पोचणार नाही.

आता नवऱ्याचे. यंत्रमागाच्या शेडमध्ये माणूस माणसाशी ओरडून बोलतो किंवा खुणेने. आपल्याकडे आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल धरलेली आहे. माग सगळे एकदम चालू असताना शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावे लागत असेल तर ती मर्यादा पाळली जात नाही, हे समजून घ्यायला मापकाची गरज नाही. त्यातून पाळी बारा तासांची असते, आठची नव्हे. असा बहिरेपणा हळूहळू येतो आणि आला की औषधाने परत जात नाही. आधी उंच पट्टीतले आवाज जातात. माणसाला मागाची घरघर ऐकू येते, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, पण बायकोचा आणि लेकरांचा आवाज अस्पष्ट होत जातो, शब्दांतले स, त, क गळून पडतात. टीव्हीचा आवाज वाढतो. बायको म्हणते, हा लक्षच देत नाही. तो म्हणतो, ही पुटपुटते. भांडणे होतात. ती माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला येते आणि मी कान तपासायला नवऱ्याला पाठव म्हणते. तो येत नाही, कारण कान तपासायला जाणे त्याला म्हातारपण वाटते आणि एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. कापसाची धूळही त्याच्या छातीत जाते. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होत असेल, तर ते बिसिनोसिसचे पहिले लक्षण असू शकते. असे रुग्ण सूतगिरणीत जास्त असतात, पण मागाच्या शेडमधल्या लोकांनाही विचारायला हवे.

पुरुषांच्या मनाबद्दल आपल्याकडे बोलतच नाहीत. अंगावर मालकाची उचल, ती फिटल्याशिवाय दुसऱ्या शेडला जाता येत नाही. बाजार थंडावला की माग बंद, मजुरी बंद, उचल वाढते. पुरुषाने रडायचे नाही, मग तो पितो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यांपैकी एक चतुर्थांशाहून जास्त माणसे रोजंदारीवर काम करणारी होती, आणि आत्महत्या करणाऱ्यांत पुरुष साधारण सत्तर टक्क्यांहून अधिक असतात. बाई निदान दवाखान्यात येते, अंगदुखी सांगत सांगत खरे बोलते. पुरुष येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. यंत्रमागाच्या एखाद्या शेडच्या भिंतीवर तो लिहिलेला मला अजून दिसलेला नाही. कारखानदार बंधूंनो, देवाच्या फोटोशेजारी तो क्रमांक रंगवून घ्या, एवढे तर उद्या सकाळी करता येईल.

मागावर पुरुष असतो, पण कांडी भरायला, टॉवेलच्या कडा शिवायला, घडी घालायला बायका असतात. त्या पदर खोचून, ओढणी मागे बांधून फिरत्या चाकापाशी बसतात. चाकाला जाळी नसेल तर पदर, केस, ओढणी ओढली जाणारच. सुरक्षेच्या वस्तूही पुरुषी मापाच्या. मास्क सैल, बूट मोठे, टेबल उंच. बाईला बसते असे काही मागवायला हवे, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

गारमेंटचे थोडक्यात सांगते. सोलापुरातून देशभर गणवेश जातात. ते शिवणाऱ्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण युनिटमध्ये वापरता येईल असे स्वच्छतागृह नसते किंवा त्याची किल्ली सुपरवायझरकडे असते. मग लघवीचा संसर्ग, उन्हाळ्यात मूतखडा. पाळीच्या दिवसांत तर त्या घरीच राहतात आणि तो दिवस खाड्यात जातो. किल्ली मागायची लाज वाटावी अशी व्यवस्था करणे ही मालकाची चूक आहे, मुलीची नाही.

18 मे 2025 ची पहाट आपण कोणीच विसरलो नसू. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्यांत बायका होत्या, लहान मूल होते. कारखान्याच्या आवारातच माणसे राहत होती. सुताचा, कापडाचा साठा असलेल्या जागेत रात्री बायकामुले झोपलेली असतील तर कामगार सुरक्षेच्या हिशेबात त्यांना कुठे धरायचे? पगारपत्रकावर त्यांची नावे नसतात. आगीला ती नावे लागत नाहीत. असे आणखी किती कारखाने आहेत जिथे माणसे राहतात, याची यादी आपल्या कार्यालयात तयार झाली असेल तर ती जाहीर करा, झाली नसेल तर करा. आणि दुसरा दरवाजा, बाहेरून उघडणारी खिडकी, साठ्याच्या खोलीत न झोपण्याचा नियम यांची तपासणी रात्रीच्या वेळी व्हायला हवी, दुपारी बारा वाजता नव्हे.

बाईची वेगळी मोजणी केली की काय दिसू शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. आपल्या साखर कारखान्यांना ऊस तोडून देणाऱ्या टोळ्या बीडकडूनही येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही कोयत्याला मिळते, बाईची वेगळी मजुरी नाही. 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली आणि त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कोयता मोजत राहिलो असतो तर हा आकडा कधीच समोर आला नसता. सोलापूरच्या विडी आणि शिलाईच्या बायकांची अशी मोजणी व्हावी, एवढीच माझी मुख्य मागणी आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यवसायजन्य सुरक्षितता, आरोग्य व कामकाजाच्या अटींची संहिता लागू झाली. विडी कामगारांचा 1966 चा स्वतंत्र कायदा तिच्यात विलीन झाला. यंत्रशक्ती वापरणारा कारखाना ठरायला आता 20 कामगार लागतात. आपल्याकडे एकेका शेडमध्ये किती माणसे असतात, हे आपणांस माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. बायकांना त्यांच्या संमतीने रात्रपाळी करता येईल, असे ही संहिता म्हणते. मी रात्रपाळीच्या विरोधात नाही, कमाई वाढत असेल तर वाढावी. पण होटगी रस्ता किंवा चिंचोळी एमआयडीसीतून रात्री अकराला सुटलेली मुलगी शहराबाहेरच्या कुंभारीला कशी पोचणार, याची सोय लागल्यावरच त्या संमतीला अर्थ येईल. नोकरी जाईल या भीतीने केलेल्या सहीला मी संमती मानत नाही. संहितेबरोबर चाळिशीवरच्या कामगारांसाठी मोफत वार्षिक तपासणीची घोषणा झाली. चांगली गोष्ट आहे. पण विडीला पंधराव्या-सोळाव्या वर्षी बसलेल्या मुलीचे अंगठे चाळिशीपर्यंत थांबत नाहीत. आणि घरी बसून काम करणाऱ्या बाईला कोणता मालक तपासणीला नेणार? 1976 च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवून कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभा केला होता. 2017 साली जीएसटी आला आणि तो उपकर बंद झाला. दवाखान्यांचे आणि औषधांचे पैसे आता कुठून येणार, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

विडीचा धंदाच बंद करा, असा सल्ला मला चांगले शिकलेले लोक देतात. तंबाखू वाईट आहे हे डॉक्टरला वेगळे सांगायला नको. पण कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत 2006 साली दहा हजार विडी कामगार बायकांना घरे मिळाली, ती याच कष्टाच्या आधारावर. त्यांच्या हाताला दुसरे काम दिल्याशिवाय हे काम काढून घेणे म्हणजे आजाराऐवजी उपासमार देणे. पर्याय येईल तेव्हा येईल, तोवर आज वळणाऱ्या हातांचे काय?

यासाठी माझी सूचना ही आहे. कामगार कार्यालयाने ब्रँचप्रमाणे विडी कामगारांच्या याद्या कारखानदारांकडून मागवाव्यात आणि त्या घरांना कामाचे ठिकाण मानून तिथली तपासणी सुरू करावी. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाकडे हे काम सोपवता येईल, विद्यार्थ्यांनाही ते शिकता येईल. हिमोग्लोबिन, फुप्फुसांची क्षमता, मान-मनगटाची तपासणी आणि ताणाबद्दलचे काही साधे प्रश्न, एवढे पुरे. मागावरच्या पुरुषांची कानाची आणि छातीची तपासणी शेडमध्येच, पाळी बदलताना करावी, म्हणजे खाडा होणार नाही. खर्चाचा काही वाटा विडी आणि यंत्रमाग मालकांनी उचलावा. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे, तर तो माल विणणाऱ्यांच्या कानांसाठी काही रक्कम बाजूला काढणे अवघड जाऊ नये. आणि यापुढे अपघात असो, आजार असो, छळाची तक्रार असो, जिल्ह्याच्या प्रत्येक अहवालात स्त्री आणि पुरुष असे दोन रकाने असावेत. घरबसल्या काम करणारीचा तिसरा.

हे काम उन्हाळ्याआधी सुरू झाले तर दारे लोटून बसलेल्या बायकांना त्याचा उपयोग होईल. नीलमनगर किंवा विडी घरकुलमध्ये शिबिर घेणार असाल तर रविवारचा माझा दवाखाना बंद ठेवून मी येईन. माझ्याकडची परिचारिका तेलुगू बोलते, तीही येईल. आमच्याकडच्या जुन्या केसपेपरांतली माहिती, नावे काढून टाकून, सर्वेक्षणासाठी द्यायला मी तयार आहे. ती कोणत्या नमुन्यात हवी, तेवढे कळवावे.

आपली,
पूर्वभागातील एक डॉक्टर
सोलापूर